‘मारुत’ विमानाचा उड्डाणसमयींचा अपघात

सन १९७० च्या जानेवारीच्या १० व्या तारखेस बंगळूर येथें ‘मारुत’ जातीचें एक लढाऊ विमान उड्डाण करीत असतांच कोसळलें आणि त्यांत ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा अंत झाला. हे भारताचे माजी सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांचे चिरंजीव. नव्या विमानांची परीक्षा घेणाऱ्या भारतीय वैमानिकांत त्यांचें स्थान अग्रगण्य होतें. मारुताचें पहिलें उड्डाण १७ जून १९६१ रोजीं त्यांनींच केलें. ज्यांनीं मारुतास प्रथम आकाशांत नेलें त्यांचाच मृत्यु मारुतांत व्हावा, ही घटना करुण खरी. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास करुणेपाशीं थांबून चालत नाहीं.

या प्रसंगाविषयीं असें सांगितलें जातें कीं, उड्डाण करतेवेळीं वैमानिकाच्या बैठकीवरील पारदर्शक छत उघडलें गेलें. विमानास हीच वेळ सर्वांत बिकट. वेग अल्प, उंची जवळजवळ नाहींच. अशा स्थितींत वायूचा विरोध थोडा जरी वाढला, तरी चूक सुधारण्यास अवकाश उरत नाहीं. तथापि छत उघडणें हें निमित्त झालें. दास त्या दिवशीं त्या विशिष्ट विमानांत कां बसले होते, याचें उत्तर शोधण्यास चवदा वर्षें मागें गेलें पाहिजे.

सन १९५६ मध्यें ‘फोके-वुल्फ १९०’ या प्रसिद्ध विमानाचे जर्मन रचनाकार कुर्ट टांक बंगळुरास आले. ध्वनीच्या दुप्पट वेगानें जाणारें विमान रचावें, हा हेतु होता. त्यासाठीं योजिलेलें ब्रिटिश ‘ऑर्फियस १२’ इंजिन पुनर्ज्वलनासह सुमारें ८,१७० पौंडांचा रेटा देणार होतें. परंतु तें पूर्णत्वास नेण्याचा खर्च भारत सरकारनें पत्करला नाहीं आणि तें इंजिन आलेंच नाहीं. विमानांत बसविलीं तीं ४,८५० पौंड रेट्याचीं दोन ‘ऑर्फियस ७०३’ इंजिनें. इजिप्तमध्यें तयार होत असलेलें इंजिन एका मारुतावर बसवून पाहिलें. तोही यत्न फळास आला नाहीं. अखेरीस उपलब्ध इंजिनासच पुनर्ज्वलनाची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंत पुन्हां इंधन पेटविण्याची, जोड देण्याचें ठरलें. दास यांचें अखेरचें उड्डाण या सुधारलेल्या विमानाचें होतें. जी शक्ति विमानाच्या जन्मकाळींच मिळावयाची, तिचा शोध नऊ वर्षांनंतरही चालूच होता.

मानवतसारख्या गांवीं राहणाऱ्यास बंगळूर दूरचें वाटेल. परंतु या कथेशीं महाराष्ट्राचा संबंध निकटचा आहे. तेथील विमानाचा कारखाना सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर सरकारच्या साह्यानें १९४० सालीं उभारला. गटिंगेन येथें प्रांटल यांच्या हाताखालीं शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे त्याच कारखान्यांत रचनाकार होते, त्यांचें ‘एच्.टी. २’ हें शिकाऊ विमान १९५१ मध्यें उडालें. सांगाडा रचण्याची विद्या आपल्याकडे होती, इंजिनाची नव्हती.

एवढ्यावरून मारुत निष्फळ ठरलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. सर्व मिळून १४७ विमानें झालीं आणि १९७१ च्या युद्धांत राजस्थानच्या आघाडीवर त्यांनीं उत्तम कामगिरी केली. दास यांस मरणोत्तर पद्मभूषण मिळालें; बंगळुरांतील एका रस्त्यास त्यांचें नांव आहे.

परंतु नांव देणें निराळें व बोध घेणें निराळें. भारतीय रचनेचें पुढलें लढाऊ विमान ‘तेजस’ ४ जानेवारी २००१ रोजीं उडालें, तें अमेरिकन इंजिनावर. त्यासाठीं योजिलेलें स्वदेशी ‘कावेरी’ इंजिन त्यास कधींच बसविलें गेलें नाहीं. मरुत् म्हणजे वायु, आणि मारुत त्याचाच अंश. वायूच्या नांवाचें हें विमान आयुष्यभर पुरेशा बळासाठीं झुरलें. सांगाडा आधीं व प्राण मागाहून, हा क्रम जोंवर उलटत नाहीं, तोंवर १० जानेवारी १९७० चा अपघात केवळ एका वैमानिकाच्या चरित्रांतील प्रकरण मानतां येणार नाहीं.