तंजावरचा धन्वंतरी महाल आणि मधुमेह्याची दृष्टी

नेत्रपीडा हटावी म्हणून देवीस चांदीचे डोळे वाहण्याची चाल आपल्या देवस्थानांतून अद्याप आहे. डोळ्यास नेमके काय झाले, हे नवस फेडणाऱ्यास ठाऊक असतेच असे नाही. परंतु हे अज्ञान एकट्या भाविकाचे नव्हते. मधुमेहाने येणाऱ्या अंधत्वाचे मूळ मोठमोठ्या वैद्यांनाही शतकानुशतके दिसले नाही. ते का दिसले नाही, हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांस तंजावरच्या मराठी दरबारात नेत आहोत.

व्यंकोजीराजांच्या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) १७९८ साली गादीवर आले आणि दुसऱ्याच वर्षी राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राजांपाशी किल्ला आणि सवड एवढेच उरले. त्या सवडीचे मात्र त्यांनी सोने केले. सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले आणि धन्वंतरी महाल काढून तेथे देशी व पाश्चात्य वैद्यकांस एकत्र बसविले. तेथील नेत्ररोग्यांची टिपणे डोळ्यांच्या सुबक चित्रांसह आजवर टिकून आहेत. राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत असेही म्हणतात. त्यांच्या वैद्यांनी पारखलेले योग तमिळ पद्यांत गुंफले गेले व ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने पुढे छापले गेले. त्यांत नेत्ररोगांचा एक ग्रंथ आहे आणि नीरिळिवु, म्हणजे मधुमेह, याचा दुसरा. दोन्ही एकाच दरबारचे, परंतु ग्रंथ वेगळे.

ही फारकत तंजावरची नव्हे, ती फार जुनी आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितले. तिमिर वाढून काच होतो व शेवटी लिंगनाश, हा क्रम नोंदविला. कफज लिंगनाशावर शलाकेने करावयाची शस्त्रक्रिया इतक्या बारकाईने लिहिली की वाचताना आजही थक्क व्हावे. प्रमेहाचे २० प्रकार आणि मुंग्यांना ओढणारे मूत्र हेही आपल्या आचार्यांनी अचूक हेरले. पण चरकाने प्रमेहाचे उपद्रव मोजले त्यांत तहान, दाह, ज्वर, दौर्बल्य, पिटिका, विद्रधी ही नावे आहेत, दृष्टिनाशाचे नाही.

यात आचार्यांस दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. या रोगात डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो. बिघाड असतो आतल्या पडद्यावर, जेथे बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, बंद पडतात, मग नव्या व नाजूक वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. धन्वंतरी महालात उजेड बाहुलीच्या आत टाकून पडदा न्याहाळण्याचे साधन नव्हते. ते हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली, म्हणजे राजांच्या निधनानंतर १९ वर्षांनी, तयार केले. आणि १८५५ साली व्हिएन्नाच्या येगरने मधुमेह्याच्या पडद्यावरील विकृती प्रथम वर्णिली. ते दोन ग्रंथ तेथे एकमेकांस भेटले.

मग त्रिफळा घृत, नेत्रतर्पण, सेक, आश्च्योतन यांचे काय? डोळ्यांची कोरड, जळजळ यांवर या उपचारांनी आराम पडल्याचा अनुभव अनेक जण सांगतात, आणि आहारविहाराचा आयुर्वेदोक्त नियम तर मधुमेह्यास आजही हिताचा आहे. परंतु फुटलेली वाहिनी तुपाने बुजते, असा पुरावा आमच्या पाहण्यात नाही. तेथे लेसर, डोळ्यात द्यावयाची सुई आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया हेच उपाय ठरलेले आहेत. उशीर झाला की गेलेली दृष्टी बहुधा परत मिळत नाही.

पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेज्जूरचा विचार येथे मनात येतो. हा भाग प्राणहितेच्या खोऱ्यातला, नदीपलीकडे महाराष्ट्र. अशा आडवळणी गावी दृष्टी अधू झाली की आधी घरचे अंजन, मग ओळखीचा वैद्य, मग नवस, हा क्रम स्वाभाविकच. अडचण एवढीच की पडदा बिघडू लागला तरी कित्येक दिवस दिसण्यात काहीच फरक पडत नाही. म्हणून डोळ्यास काही होत नसतानाही मधुमेह्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून घेऊन पडदा तपासून घ्यावा, असे नेत्रवैद्य सांगतात. त्या थेंबांनी काही तास अंधुक दिसते. सोबतीस घरचे कोणी तरी न्यावे.