तीन प्रतींची चिठ्ठी

वेदनाशामकांच्या नोंदींचा अमेरिकेतील इतिहास वाचताना मी सर्वांत जास्त रेंगाळलो तो एका साध्या कागदापाशी. कॅलिफोर्नियाने १९३९ साली अफूजन्य औषधांच्या चिठ्ठ्यांवर नजर ठेवायला सुरुवात केली. पुढे रूढ झालेली पद्धत तीन प्रतींची: एक डॉक्टरांकडे, एक औषधविक्रेत्याकडे, तिसरी सरकारदरबारी. मनाई नव्हती. पण सरकारकडून वेगळी वही मागवायची, ती सांभाळायची आणि आपले नाव कुठल्या तरी फायलीत साठते आहे हे जाणून सही करायची. हात आखडायला तेवढे पुरे होते.

१९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीचे ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले, तेव्हा कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास, इलिनॉय आणि आयडाहोत अशी चिठ्ठी होती. तिथले डॉक्टर हे औषध फारसे लिहिणार नाहीत, हे कंपनीला आधीच्या पाहणीतून कळले होते. तिने प्रचाराचा जोर इतरत्र लावला. अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंची वाढ या पाच राज्यांत मंद राहिली, असे अर्थशास्त्रज्ञांना पुढे आढळले.

तरी या चिठ्ठीचे निखळ कौतुक मला करवत नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्कने व्हॅलियमच्या कुळातील गोळ्याही तिच्याखाली आणल्या. त्यांचा वापर घटला, पण जुन्या, अधिक घातक गोळ्यांचा वाढला. आणि कर्करोगाने तळमळणाऱ्या किती जणांना आखडत्या हाताने औषध लिहिले गेले, याची प्रत कोणत्याच कार्यालयात जात नव्हती.

कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये तिहेरी कागद बंद केला. आता नोंद संगणकावर असते आणि अनेक राज्यांत औषध लिहिण्याआधी डॉक्टरला ती उघडून पाहावीच लागते.