गिटारचा ॲम्प्लिफायर मध्येच का बंद पडतो?

‘ॲम्पची पॉवर जाते’ अशी तक्रार घेऊन येणारा वादक प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या बिघाडांपैकी एकाविषयी बोलत असतो. पहिल्या प्रकारात ॲम्प्लिफायरला मिळणारी वीजच खंडित होते. समोरचा लहान दिवा विझतो आणि यंत्र निपचित पडते. दुसऱ्या प्रकारात वीज व्यवस्थित येत असते, दिवाही तेवत असतो. परंतु आवाज क्षीण होतो, अडखळतो किंवा अचानक नाहीसा होतो. या दोन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून आवाज जाताच प्रथम दिव्याकडे पाहावे. एवढी साधी गोष्ट न पाहिल्यामुळे अनेक ॲम्प विनाकारण उघडले जातात, आणि ॲम्प उघडणे हे धोक्याचे काम आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. तोच ॲम्प अंधेरीच्या तालमीच्या खोलीत, विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात, मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात किंवा घाटकोपरमधील एखाद्या नवरात्रीच्या मंडपात वाजत असतो. तो एकाच ठिकाणी बंद पडत असेल, तर दोष बहुधा त्या ठिकाणच्या विजेचा असतो. सर्वत्र बंद पडत असेल, तर दोष ॲम्पचा किंवा त्याच्यासोबत फिरणाऱ्या केबलचा.

दिवा विझतो तेव्हा

शोध भिंतीपासून सुरू करावा. मुंबईच्या उपनगरांतील जुन्या इमारतींत सहा अँपिअरच्या सॉकेटमधील पितळी पट्ट्या वर्षानुवर्षांच्या वापराने सैल झालेल्या असतात. गिटारचा आवाज वाढला, जमीन हादरली की पिन किंचित हलते आणि संपर्क तुटतो. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून प्लग हळूच हलवावा. दिवा लुकलुकला, बोर्डातून चर्र असा आवाज आला किंवा प्लग गरम लागला, तर ॲम्प निर्दोष आहे. वायरमनला बोलावून सॉकेट बदलून घ्यावे. ॲम्पच्या मागे लागणारी, संगणकालाही चालते तशी सुटी वायर हे संशयाचे दुसरे स्थान. ती सैल बसत असेल, तर दुसरी लावून पाहावी. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड आणि दमलेले स्पाइक बस्टर तपासणीपुरते बाजूला ठेवून ॲम्प थेट भिंतीला जोडावा.

परदेशातून आणलेल्या ॲम्पच्या बाबतीत येथेच एक फसगत होते. युरोपीय दोन गोल पिनांचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये शिरतो, ॲम्प चालूही होतो. पण त्याच्या पिना आपल्या पिनांहून थोड्या बारीक असल्याने तो डळमळतो, आणि त्या प्लगच्या कडेला असलेल्या अर्थिंगच्या पट्टीला आपल्याकडे जोडच मिळत नाही. वीज मध्येच जाते ती या डळमळीमुळे. अर्थिंग नसते ते मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. प्लग बदलून भारतीय तीन पिनांचा बसवणे हाच योग्य उपाय.

अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेला ॲम्प हा आणखी वेगळा विषय. तिकडचा पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. १२० व्होल्टचा ॲम्प थेट लावला तर सुदैवाने फ्यूज जातो आणि दुर्दैवाने ट्रान्सफॉर्मर. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावला, तरी वारंवारता ५० हर्ट्झच राहते. त्यामुळे काही ॲम्पचा मूळ ट्रान्सफॉर्मर अपेक्षेहून अधिक तापतो आणि तासाभराने यंत्र बंद पडू लागते. ॲम्पच्या पाठीवर ५०/६० हर्ट्झ असे दोन्ही आकडे आहेत ना, हे खरेदीपूर्वीच पाहावे. उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता ॲम्पवर लिहिलेल्या विजेच्या खपाशी ताडून घ्यावी, आवाजाच्या वॅटशी नव्हे. ५० वॅट आवाज देणारा व्हॉल्व्हचा ॲम्प भिंतीतून त्याच्या दुपटीहूनही अधिक वीज ओढू शकतो.

पुरवठ्यातील दोष

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर हा भाग १९२९ साली स्थापन झालेल्या बीएसईएसचा. तो पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेला. मुलुंड व भांडुपला महावितरण वीज पुरवते. संपूर्ण महानगर अंधारात जाण्याचे प्रसंग विरळाच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ते घडले, आणि त्या दिवशी ॲम्प का बंद पडला हे कोणाला शोधावे लागले नाही. नेहमीचा त्रास असतो तो इमारतीच्या आतला.

त्यातील सर्वांत घातक प्रकार म्हणजे न्यूट्रल सैल होणे. इमारतीत तीन फेज येतात आणि घरे त्यांच्यावर विभागलेली असतात. सर्वांची सामाईक न्यूट्रल तार मीटरच्या खोलीत सैल झाली, की एका घराचा दाब खाली जातो आणि दुसऱ्याचा ४०० व्होल्टच्या दिशेने चढू शकतो. खूण सोपी आहे: एका खोलीतला दिवा मंद होतो आणि शेजारच्याचा प्रखर, किंवा एकच दिवा कमी-अधिक होत राहतो. अशा वेळी ॲम्पचा शोध थांबवून घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि वीज कंपनीला कळवावे. येथे प्रश्न केवळ गिटारचा नसतो. घरातील फ्रिजही त्याच तारेवर असतो.

मंडपात लांबलचक आणि बारीक वायर हा ठरलेला दोष. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर ५० मीटर लांब नेली आणि तिच्यावर दिवे, की-बोर्ड, ॲम्प असा १० अँपिअरचा भार टाकला, तर जाऊन-येऊन सुमारे १७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. मुळात जनरेटरचा दाब २१५ असेल, तर मंचावर दोनशेच्याही खाली पोहोचतो. स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा असलेले नवे डिजिटल ॲम्प, १०० ते २४० व्होल्ट असे त्यांच्यावर लिहिलेले असल्यास, हे निभावून नेतात. ज्या डिजिटल ॲम्पमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यांचा आतील संगणक मात्र दाब क्षणभर पडताच नव्याने सुरू होतो. वादकाला वाटते, पॉवर गेली. प्रत्यक्षात ढोलकीच्या माईकसाठी आणलेला मोठा ॲम्प त्याच वायरवर कोणीतरी चालू केलेला असतो.

अर्थिंगची पिन

ॲम्प लावताच घरातील गळतीरोधक स्विच, म्हणजे आरसीसीबी, पडत असेल, तर तो ॲम्पमधून वीज गळत असल्याचा इशारा असू शकतो. घरगुती आरसीसीबी साधारणतः ३० मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडतो. त्याला वळसा घालून ॲम्प वाजवणे हा निव्वळ अविचार. घुंई असा आवाज जावा म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याची रीतही तितकीच वाईट. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा केबलमार्गे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. सांगाड्यात वीज उतरली आणि तिला जमिनीत जाण्याचा मार्ग नसला, तर ती वादकाच्या बोटांतून मार्ग काढते. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वानसी येथील कार्यक्रमात माईकला हात लागताच विजेच्या धक्क्याने मंचावर कोसळला आणि मृत्यू पावला. उपकरणांचे अर्थिंग सदोष होते. ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये राहत्या घरी, अर्थिंग नसलेली गिटार वाजवताना गेला. चाळींतील आणि जुन्या बैठ्या घरांतील तीन छिद्रांच्या कित्येक सॉकेटना मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. ती तपासून घेण्याचा वायरमनचा खर्च गिटारच्या तारांच्या संचाहून फार मोठा नसतो.

फ्यूज आणि उष्णता

ॲम्पच्या मागील बाजूस फिरवून उघडणारी फ्यूजची टोपी असते. प्लग भिंतीतून काढूनच ती उघडावी. फ्यूज गेला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच जातीचा घालावा. ‘टी’ अक्षराचा फ्यूज सावकाश वितळतो, ‘एफ’ अक्षराचा तत्काळ. ॲम्प चालू होतानाचा विजेचा झटका मोठा असल्याने येथे बहुधा ‘टी’ लागतो. त्याजागी ‘एफ’ घातला, तर निर्दोष ॲम्पचाही फ्यूज जातो. योग्य फ्यूज दुसऱ्यांदा गेला, की तिसरा घालू नये. आत काहीतरी वीज गिळत आहे. सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून काम भागवणाऱ्यांनी फ्यूजच्या बदल्यात ट्रान्सफॉर्मर पणाला लावलेला असतो.

वीस-तीस मिनिटे वाजून बंद पडणारा आणि थोडा थंड होताच पुन्हा सुरू होणारा ॲम्प बहुधा तापत असतो. अनेक ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये ठरावीक तापमानाला यंत्र थांबवणारी सोय असते. पाठ भिंतीला टेकवलेली, जाळीत धूळ साचलेली, पंखा अडकलेला किंवा वर आवरण घातलेले, यांपैकी काही आहे का ते पाहावे. दोन स्पीकर जोडल्यावरच असे होत असेल, तर ओहमचा हिशेब करावा. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, चार ओहमचे दोन जोडले की दोन. ॲम्पवर किमान चार ओहम लिहिले असताना दोन ओहमचा भार दिला, तर तो स्वसंरक्षणार्थ बंद होतो आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो.

दिवा जळतो, आवाज जातो

येथे दुकानाकडे धाव घेण्यापूर्वी गिटार, केबल आणि पेडल एकेक करून बदलावे. गिटारमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असेल, तर केबल खोचलेली राहिल्यास ती अखंड खर्च होत राहते आणि चार दिवसांनी आवाज फाटून विरतो.

त्यानंतरची कसोटी फारच थोड्यांना ठाऊक असते. ॲम्पच्या मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन छिद्रे असतील, तर एक आखूड केबल घेऊन ती दोन्ही एकमेकांना जोडावीत. आवाज पूर्ववत झाला, तर बिघाड सापडला. या छिद्रांत काही लावलेले नसते तेव्हा बहुसंख्य ॲम्पमध्ये आवाज तेथील लहानशा स्प्रिंगच्या संपर्कातून पुढे जातो. त्या पट्टीवर गंज चढला, की आवाज अर्ध्यावर येतो, आणि एखादा जोरदार स्वर वाजवताच कधी परततोही. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांमुळे मुंबईत हा दोष वारंवार आढळतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर ॲम्प बंद असताना जॅकवर फवारावा, प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करावा आणि पूर्ण वाळू द्यावे. शिलाई यंत्राचे तेल तेथे घालू नये. त्यावर धूळ चिकटते.

आवाज घटला की व्होल्टेजला दोष देण्याची प्रथा मात्र फारशी खरी नाही. दाब २३० वरून २०७ वर, म्हणजे दहा टक्क्यांनी, उतरला, तर साध्या ॲम्पची शक्ती सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटते. हा फरक एक डेसिबलहूनही कमी, कानाला जेमतेम जाणवणारा. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटत असेल, तर स्टॅबिलायझर विकत घेऊन उपयोग नाही. कारण दुसरीकडे आहे.

व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ते कारण अनेकदा व्हॉल्व्हच असते. एकेकाळी बंगळूरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओसाठी बनलेले ‘ईएल ८४’ व्हॉल्व्ह आजही शौकीन शोधत फिरतात. नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. जोडीतला एक निकामी झाला, तर आवाज मंद आणि बोथट होतो. व्हॉल्व्हमधील तार नारिंगी उजळणे स्वाभाविक आहे. पण तिच्याभोवतीचा धातूचा पत्रा लालभडक दिसू लागला, तर त्याच क्षणी ॲम्प बंद करावा. स्पीकरची वायर न जोडता असा ॲम्प कधीही चालवू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकरसाठी गिटारची बारीक केबल वापरणे हेही त्याच मार्गाने जाणे होय.

येथपर्यंत काही सापडले नाही, तर घरातील तपासणी संपली. पुढे डाख सुटलेले जोड, थकलेले कपॅसिटर आणि रेक्टिफायर यांचा प्रांत सुरू होतो. व्हॉल्व्हच्या ॲम्पमधील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही ४०० व्होल्टपर्यंत किंवा त्याहून अधिक दाब टिकून राहू शकतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयासारख्या पुरात पाणी शिरलेला ॲम्प तर वरून कितीही कोरडा दिसला, तरी तंत्रज्ञाने उघडून वाळवल्याखेरीज लावू नये.

कारागीर लॅमिंग्टन रोडचा असो वा उपनगरातला, त्याला ‘चालत नाही’ एवढेच सांगू नये. दिवा विझतो की राहतो, किती मिनिटांनी, बंद होण्यापूर्वी खरखर येते का, कोणकोणत्या जागी झाले आणि फ्यूज किती वेळा गेला, हे कागदावर लिहून द्यावे. बदललेले सुटे भाग परत मागावेत. आणि दुरुस्त ॲम्प ताब्यात घेताना दुकानात पाच मिनिटे वाजवून समाधान मानू नये. जो ॲम्प अर्ध्या तासाने बंद पडत असे, तो त्याच आवाजावर पाऊण तास वाजवून पाहावा. कारागीर कुरकुरला तरी.