‘क्लूझो म्हणजे परदेशातला चिमणराव’

क्लूझो हा फ्रेंच पोलीस खात्यातला धांदरट, पण स्वतःच्या अकलेवर गाढ विश्वास असलेला तपास अधिकारी. ब्लेक एडवर्ड्स दिग्दर्शित ‘द पिंक पँथर’ (१९६३) या चित्रपटात ही भूमिका पीटर सेलर्सने केली. तिथे मुख्य मान डेव्हिड निव्हनच्या रत्नचोराला होता. ‘अ शॉट इन द डार्क’ (१९६४) हा पुढचा भाग ज्या नाटकावरून घेतला, त्यात क्लूझो नव्हताच. पटकथा लिहिताना त्याला त्यात आणले आणि नायक केले.

चिमणरावाचे उलट झाले. चिं. वि. जोशींच्या कथांतून तो आधी घरोघरी पोचला. मग मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि त्यापुढचा ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) हे चित्रपट काढले. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले, विष्णुपंत जोग त्याचा जोडीदार गुंड्याभाऊ.

‘सरकारी पाहुणा’ म्हणजे संस्थानाच्या खर्चाने ज्याची बडदास्त ठेवली जाते तो. चिं. वि. स्वतः बडोदे संस्थानच्या नोकरीत होते.

चिमणराव गुप्तहेर नव्हे, कारकून. तरीही ही तुलना रास्त आहे. दोघेही मनापासून, प्रामाणिकपणे चुकतात, आणि म्हणूनच प्रेक्षकाला ते पुन्हा भेटावेसे वाटतात.