मज्जाबाह्य रक्तनिर्मिती
अस्थिमज्जेबाहेर, म्हणजे यकृत, प्लीहा (पानथरी), लसीका ग्रंथी किंवा मणक्यांलगतचे ऊतक यांत, रक्तकोशिका तयार होण्याच्या क्रियेला मज्जाबाह्य रक्तनिर्मिती म्हणतात. गर्भावस्थेत ती स्वाभाविक असते. प्रथम पीतक कोशात, नंतर मुख्यत्वे यकृतात व काही अंशी प्लीहेत रक्तकोशिका निर्माण होतात. जन्माच्या सुमारास हे कार्य बहुतांशी अस्थिमज्जेकडे आलेले असते.

प्रौढ शरीरात रक्तकोशिका अस्थिमज्जेत तयार होतात, हे एर्न्स्ट नॉयमान व जूल्यो बीत्सोत्सेरो यांनी १८६८ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले. डिट्रॉइट येथील टॉमस कूली व पर्ल ली यांनी १९२५ मध्ये तीव्र पांडुरोग, वाढलेली प्लीहा व हाडांतील विशिष्ट बदल असलेल्या बालकांचे वर्णन केले. या आनुवंशिक रोगाला पुढे समुद्रवाचक ग्रीक शब्दावरून ‘थॅलॅसेमिया’ हे नाव मिळाले. त्यात हीमोग्लोबिनाच्या शृंखलांचा समतोल बिघडतो व तांबड्या कोशिका परिपक्व होण्यापूर्वीच मज्जेत नष्ट होतात. ऑक्सिजनाच्या उणिवेमुळे वृक्कांतून एरिथ्रोपोएटिन अधिक स्रवते. मज्जा विस्तारते, हाडे पातळ होतात आणि मज्जेबाहेरही रक्तनिर्मिती सुरू होते. मात्र तेथील कोशिकांतही तोच दोष असल्याने पांडुरोग हटत नाही.

मणक्यांलगत अशा ऊतकाच्या गाठी वाढल्यास क्ष-किरण चित्रात त्या अर्बुदासारख्या दिसतात. मेरुरज्जूवर त्यांचा दाब पडून पाय लुळे पडू शकतात. थॅलॅसेमियातील या उपद्रवाची नोंद गॅट्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये केली. गाठींत रक्तवाहिन्या विपुल असल्याने जीवोतक परीक्षेत रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून मूळ रक्तविकार ध्यानात घेऊन, शक्यतो एमआरआय प्रतिमेवरून निदान करतात.

रक्ताधानाने हीमोग्लोबिनाची पातळी अधिक राखलेल्या बालकांची वाढ व प्रकृती चांगली राहते, असे अर्व्हिंग वोल्मन यांनी १९६४ मध्ये दाखविले. नियमित रक्ताधानाने मज्जेवरील ताण कमी होऊन मज्जाबाह्य निर्मितीही दबते. मात्र शरीरात साठणारे लोह औषधांनी काढावे लागते. ज्यांना सौम्य विकारामुळे नियमित रक्ताधान मिळालेले नसते, अशा प्रौढांत या गाठी अधिक आढळतात. रक्ताधान, हायड्रॉक्सियूरिया, अल्प मात्रेतील प्रारण चिकित्सा आणि प्रसंगी शस्त्रक्रिया हे उपाय होत. दाब वेळीच ओळखला गेल्यास लुळेपणा पुष्कळदा ओसरतो. गाठ ही मूळ व्याधी नसून रक्ताच्या उणिवेला शरीराने दिलेले अपुरे उत्तर असल्याने, केवळ ती काढून उपचार पुरा होत नाही.