वऱ्हाडचा हिशेब आणि नागरिकाचा हक्क



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मतदान, कर, ग्रामपंचायत, नगरपालिका असे धडे असतात. मुले ते पाठ करतात, गुणही मिळवतात. पण आपण भरलेल्या कराचे पुढे काय झाले, हे कोणाला व कसे विचारायचे, हा धडा बहुतेकांचा शिकायचा राहूनच जातो. हा धडा आपल्याला आपल्याच वऱ्हाडच्या इतिहासात सापडतो. तोच आज आपणापुढे मांडण्याचा विचार आहे.

प्रारंभीच एक गोष्ट लक्षात घ्यावी. हिशेब, हक्क आणि अर्ज हे तिन्ही शब्द मूळचे अरबी. फारसी दफ्तरातून ते मराठीत आले आणि इथल्या मातीत असे रुजले, की आज ते परके वाटतच नाहीत. लोकशाहीत नागरिकाला जे करावयाचे असते ते या तीन शब्दांत सामावले आहे. हक्क ओळखावा, अर्ज करावा आणि हिशेब घ्यावा.

हिशेब माफ झालेला प्रांत

१८५३ साली निजाम नासिरुद्दौला यांच्याकडून ईस्ट इंडिया कंपनीने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. निजामाच्या नावाने ठेवलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेचा खर्च थकला होता. त्या खर्चासाठी हा मुलूख लावून देण्यात आला. गव्हर्नर जनरल त्यावेळी लॉर्ड डलहौसी होते. तहात एक अट होती. कंपनीने दरवर्षी जमाखर्चाचा हिशेब निजामाला द्यावा आणि खर्च वजा जाता जी शिल्लक उरेल ती परत करावी.

पुढे १८६० साली नवा तह झाला. त्यात निजामाचे सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दोआबाचा मुलूख त्यांना परत मिळाला. त्याच्या मोबदल्यात निजामाने वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला. झालेल्या, चालू आणि पुढील काळाचाही! नेमक्या त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आगगाडी वऱ्हाडात पोहोचली आणि मुलखाचे उत्पन्न वाढले. सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून पुष्कळ खटपट केली, ती व्यर्थ गेली. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांनी वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला.

वाचकहो, या साऱ्या तहांत एक गोष्ट ठळकपणे दिसते. हिशेब देणारे एक सरकार, घेणारे दुसरे सरकार. ज्या शेतकऱ्याने सारा भरला त्याला हिशेब द्यावा, असे कोणत्याच तहात लिहिलेले नव्हते. आणि ज्याने हिशेबाचा हक्क एकदा सोडला त्याच्या हाती पुढे ठरीव रकमेशिवाय काही उरले नाही.

करार झाले, पुढे काय?

स्वातंत्र्य आले तेव्हा महाराष्ट्रात सामील व्हायचे तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न वऱ्हाडपुढे उभा राहिला. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, अशी त्यातील मुख्य कल्पना होती. ती प्रत्यक्षात आली नाही. त्यानंतर २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यावर यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर आदी नेत्यांच्या सह्या आहेत. सरकारी खर्च, नोकऱ्या आणि उच्च शिक्षणातील प्रवेश यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळावा, असे त्यात ठरले. विकासखर्चाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, हेही ठरले. न्या. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती, ती मान्य झाली नाही. मात्र १९५६ साली घटनेत ३७१ (२) हे कलम आले आणि विदर्भासाठी स्वतंत्र विकास मंडळाची तरतूद झाली.

तरतूद झाली खरी, पण मंडळ कधी झाले? १९९४ साली. मधे ३८ वर्षे गेली. दरम्यान १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये मागासलेपणाला प्रथमच रुपयांत मोजले. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये, त्यात एकट्या विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी, असा आकडा निघाला. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर हिशेब केला तेव्हा राज्याचा अनुशेष सुमारे १४,००० कोटींवर गेलेला आढळला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

यात एखाद्या पक्षाला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. या काळात सरकारे अनेक आली आणि गेली. आपले पुढारी प्रत्येक सरकारात होते, विरोधातही होते. खरा प्रश्न असा, की दरवर्षी यावयाचा तो अहवाल आला की नाही, हे आपल्यापैकी किती जणांनी आपल्या आमदाराला विचारले? करारावर सही पुढाऱ्याची असते. तो पाळला गेला की नाही, हे पाहण्याचे काम मात्र लोकांचे असते.

नगरपालिकेचा दरवाजा

मुंबई-नागपूर दूर आहे म्हणावे, तर आपली नगरपालिका तरी जवळ आहे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याला चालना मिळाली. पण त्या काळी मतदार म्हणजे मोजकी मालमत्ताधारक मंडळी. मोहल्ल्यातील विणकर किंवा हमाल यांना तेथे विचारणार कोण? प्रौढ मतदानाने तो दरवाजा सर्वांना उघडला. खेड्यांसाठी जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या. ज्या समितीच्या शिफारशींवरून त्या उभ्या राहिल्या तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे आपल्या वऱ्हाडातील पुसदचे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

अमरावतीला १९८३ साली आणि अकोल्याला २००१ साली महानगरपालिका झाली. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनुसार अशा संस्थेची मुदत पाच वर्षांची असून, ती संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक झाली पाहिजे. प्रत्यक्षात २०२२ साली या दोन्ही ठिकाणची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. जवळजवळ चार वर्षे प्रभागाला नगरसेवकच नव्हता. प्रशासक कार्यक्षम असेलही, पण तो पाच वर्षांनी आपल्या दारी मत मागावयास येत नाही. आता नगरसेवक निवडून आले आहेत. त्यांना पहिला प्रश्न गटार, नळ आणि शाळेच्या खर्चाचा विचारला पाहिजे. हा माणूस आपल्या जातीचा की धर्माचा, हे त्यानंतर पाहावे, किंबहुना पाहूच नये.

वृत्तपत्राचाही हिशेब

सत्तेला प्रश्न विचारण्याचे काम वृत्तपत्रे आपल्या वतीने करतात. म्हणून त्यांच्याबद्दल आदर असावाच. परंतु छापून आले म्हणजे खरे, असे मानणे धोक्याचे आहे. १८८२ सालचे उदाहरण पाहा. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याच्या समजुतीने 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे प्रसिद्ध केली. ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात राहावे लागले. त्यांचा हेतू शुद्ध होता याविषयी शंका नाही. पण हेतू शुद्ध असला तरी कागद खोटा असू शकतो. एवढ्या थोर माणसांना हे भोगावे लागले, तर मोबाइलवर आलेला मजकूर डोळे मिटून पुढे पाठवणाऱ्या आपणांस तो धडा किती लागू पडतो!

हे केवळ उपदेश म्हणून सांगत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. अकोल्यातील ठिणगी समाजमाध्यमावरील एका मजकुराची होती, आणि तेथे एकाचा जीव गेला. अशा दिवसांत रोजंदारीवर पोट असलेल्यांच्या घरी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, चूल पेटणे कठीण होते.

आपली एक रास्त तक्रार आहे. आपल्या मोहल्ल्याचे नाव वृत्तपत्रात बहुधा दंगलीच्या वेळीच येते. तिथल्या मुलीने परीक्षेत मिळवलेले यश, किंवा तिथला आठ दिवस कोरडा पडलेला नळ ही बातमी होत नाही. तक्रार खरी आहे, पण घरात बसून कुरकुर करण्याने ती दूर होणार नाही. संपादकाला सही करून, नावपत्त्यासह पत्र लिहावे. चुकीची बातमी असेल तर खुलासा मागावा. तो मिळाला नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. ती दंड करू शकत नाही, पण ताकीद देऊ शकते, आणि लेखी ताकीद नोंदली जाते.

वृत्तपत्र कोणाचे आहे हेही पाहावे. मुद्रक-प्रकाशकाचे नाव अंकावर छापण्याचे बंधन आपल्याकडे १८६७ च्या कायद्यापासून आहे, आणि ती बारीक अक्षरांतील ओळ वाचण्यासाठीच असते. विदर्भकेसरी ब्रिजलाल बियाणी यांनी अकोल्यात 'मातृभूमि' पत्र काढले. ते स्वतः काँग्रेसचे पुढारी होते, आणि ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. उघड मत असण्यात गैर नाही. गैर आहे ते मत लपवून त्याला बातमीचा वेष देणे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रकार उघडकीस आला, तेव्हा 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी पोहोचला. एकाच उमेदवाराची स्तुती शब्दशः दोन वृत्तपत्रांत दिसली, तर वाचकाने सावध व्हावे.

अर्ज कसा करावा

आता प्रत्यक्ष उपायाकडे वळू. महाराष्ट्राने २००२ साली आणि केंद्राने २००५ साली माहितीचा अधिकार दिला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू आहे. रीत सोपी आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मोजका, स्पष्ट प्रश्न. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. उत्तर ३० दिवसांत मिळावे. न मिळाल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील आणि नंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाचे खंडपीठ अमरावतीतच आहे. "रस्ता का केला नाही?" असे विचारू नये. "अमुक रस्त्याच्या कामाचा आदेश, मंजूर रक्कम आणि दिलेल्या बिलांच्या प्रती द्याव्यात," असे लिहावे. पहिल्याला सबब मिळते, दुसऱ्याला कागद मिळतो.

काहींना भीती वाटते, की अर्ज केला तर त्रास होईल. ही भीती जुनी आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडातून घटना समितीवर गेलेले काझी सय्यद करीमुद्दीन यांनी डिसेंबर १९४८ मध्ये एक दुरुस्ती मांडली. सबळ कारणाशिवाय नागरिकाची, त्याच्या घराची व कागदपत्रांची झडती घेतली जाऊ नये, हा मूलभूत हक्क असावा, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शवली, पण सभागृहात ती शेवटी मंजूर झाली नाही. मात्र तो विचार वाया गेला नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, त्या निकालात या चर्चेची दखल घेतलेली आहे. आपल्या प्रांतातल्या एका वकिलाने सर्व भारतीयांसाठी मागितलेले हे संरक्षण आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवे.

सुरुवात घरापासून

पालकहो, जिल्हा परिषद व नगरपालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यातील तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. त्या बैठकीला जा. सही करण्यापूर्वी ठराव वाचा. आणि हाच नियम आपल्या संस्थांनाही लावा. सार्वजनिक विश्वस्त संस्थेला हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. म्हणून स्मरणिकेतील छायाचित्रांइतक्याच आवडीने संस्थेचा जमाखर्चही वाचावा, शंका असेल तर सभेत उभे राहून अदबीने विचारावी. आपल्या माणसाला प्रश्न विचारला म्हणजे त्याचा अपमान होत नाही. ज्याचा कारभार स्वच्छ आहे त्याला उलट त्याचा आनंदच होतो.

विद्यार्थी मित्रांनो, १८६० साली एका तहाने वऱ्हाडचा हिशेब माफ झाला. तो राजांचा काळ होता. आज तो माफ करण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण आपण विचारलेच नाही, तर कोणताही तह न होता तो पुन्हा माफ होईल. तेव्हा या वर्षी प्रत्येक घरातून एक तरी अर्ज जावा, स्वच्छ अक्षरात, खऱ्या माहितीवर आणि नम्र भाषेत लिहिलेला. अक्षर तुमचे असू द्या, सही आई-वडिलांची.