वाघ, अनुताई बाळकृष्ण

(१७ मार्च १९१०–२७ सप्टेंबर १९९२). महाराष्ट्रातील थोर बालशिक्षणतज्ज्ञ व डहाणू परिसरातील आदिवासी बालकांच्या शिक्षिका. जन्म पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे. तेराव्या वर्षी विवाह व अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य. तत्कालीन रिवाजानुसार ज्या वयात अशा मुलीचे आयुष्य माजघरातच संपुष्टात यावयाचे, त्या वयात त्यांनी पुन्हा अभ्यास आरंभिला. १९२९ मध्ये प्राथमिक शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्यांनी काही वर्षे चांदवड (जि. नाशिक) येथे व पुढे सुमारे एक तप पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन केले. दिवसा शिकवून रात्रशाळेतून त्या मॅट्रिक झाल्या (१९३७), आणि दृष्टी अधू असतानाही वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पदवीधर झाल्या (१९६१).

बोर्डी व कोसबाड : १९४५ मध्ये बोरिवली येथील प्रशिक्षण शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला माँटेसोरी पद्धतीस भारतीय रूप देणाऱ्या व नूतन बालशिक्षण संघाच्या (१९२६) कार्यात अग्रभागी असलेल्या ताराबाई तेच शिक्षण आता खेड्यात नेऊ पाहत होत्या. पुण्यातील स्थिर नोकरी सोडून अनुताई त्यांच्याबरोबर समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या व तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. १९५७ च्या सुमारास केंद्राचा मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात हलला. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी केलेला लढा याच परिसरातील व त्याआधीच्या दशकातील होय.

शिक्षणप्रयोग : मुले शाळेत येत नाहीत, या नित्याच्या तक्रारीचा अनुताईंनी उलट बाजूने विचार केला. मुलगी येत नाही, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर असते. मुलगा येत नाही, कारण सकाळीच त्याला गुरे घेऊन रानात जावयाचे असते. तेव्हा शाळेचे वेळापत्रक मुलावर न लादता मुलाच्या दिनक्रमात शाळेला जागा शोधणे, हे या प्रयोगांचे मूलसूत्र ठरले. भावंडासाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी व त्यापुढील मुलांसाठी प्राथमिक शाळा, अशी तिहींची एकत्र तजवीज ‘विकासवाडी’त झाली, पाळणाघरात भावंडाची सोय लागली की बहिणीचा हात पाटीसाठी मोकळा होई. गुराख्यांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. तेथे शिक्षक गुरांच्या मागोमाग माळावर जाई आणि गुरे चरत असताना झाडाखाली गणती, गोष्टी व अक्षरओळख चाले. जी मुले केंद्रापर्यंत येऊ शकत नसत, त्यांच्या पाड्यातील एखाद्या घरापुढच्या अंगणातच बालवाडी भरविण्यात आली. ही ‘अंगणवाडी’ होय. मूळ कल्पना ताराबाईंची मानली जाते. ती राबविण्यातील अनुताईंचा वाटा मात्र निर्विवाद आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना पुढे हेच नाव लाभले.

माँटेसोरींच्या घोटीव लाकडी साधनांचा खर्च पाड्याला पेलणारा नव्हता. म्हणून खडे, शिंपले, बिया, काटक्या, पाने व पिसे ही साधने झाली. खडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडताना क्रमाचे, पाने आकारावरून वेगळी करताना भेदाचे व बिया मोजताना संख्येचे ज्ञान मुलास आपसूक होई. आणि हरवलेला खडा दाराशीच पुन्हा मिळत असल्यामुळे साधन जपण्यापायी मुलाला दटावण्याचा प्रसंगच येत नसे. स्नान, नखे व केस यांची निगा हाही पाठाचाच भाग असे. बालशिक्षणाच्या दृष्टीने दारिद्र्यातही शास्त्रशुद्ध पद्धती टिकविता येते, याचा हा पुरावा मोलाचा आहे.

उत्तरायुष्य : ताराबाईंच्या निधनानंतर (१९७३) कोसबाडच्या कार्याची धुरा अनुताईंनी वाहिली. ज्या वयात माणसे निवृत्तीची स्वस्थता पत्करतात, त्या वयात, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रमेश पानसे यांच्यासमवेत ‘ग्राममंगल’ ही नवी संस्था उभी केली (१९८२). स्थिर झालेले सोडून नव्याचा आरंभ करण्याचे हे साहस त्यांच्या सबंध आयुष्याचा स्थायीभाव होता, आणि पाड्यापाड्यांतून त्यांना लाभलेल्या जिव्हाळ्याचे मूळही त्यातच आहे. निधन कोसबाड येथे.

ग्रंथ : बालवाडी कशी चालवावी, कुरणशाळा, कोसबाडच्या टेकडीवरून (आत्मकथन) इत्यादी. ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकाचे संपादन.

सन्मान : पद्मश्री व जमनालाल बजाज पुरस्कार (दोन्ही १९८५).